सुटलेला मनुष्य पुन्हा पडला तर?

व्यसनातून सुटलेल्या मनुष्याची साक्ष ऐकून मंडळीला आनंद होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. काल-परवापर्यंत ज्याला लोक रस्त्याच्या कडेवरून उचलून घरी आणीत होते, तो आज स्वच्छ कपडे घालून, हाती पवित्र शास्त्र घेऊन प्रार्थनासभेत उभा राहतो. त्याची पत्नी डोळ्यांना पदर लावते. पाळकसाहेब देवाचे उपकार मानतात. पुढच्या महिन्यात त्याला शेजारच्या गावी साक्ष देण्यास बोलावणे येते, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एका गावी. आणि मग एके दिवशी बातमी येते की, तो पुन्हा पिऊ लागला.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांच्या परिचयाची आहे. आम्हांला विचार करावयाचा आहे तो यापुढचा. अशी बातमी आली की मंडळीत दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. काहीजण म्हणतात, "त्याचा पालट मुळातच खरा नव्हता." काहीजण तोंडाने बोलत नाहीत, पण मनात म्हणतात, "मग देवाने त्याला सोडविले असे आपण म्हणत होतो, त्याचे काय?" पहिल्यांनी त्या मनुष्याला खोटे ठरविले, दुसऱ्यांनी देवाला. आणि ज्याच्याविषयी हे बोलणे चालते तो मनुष्य रविवारी मंदिरात दिसत नाही. दारूच्या दुकानात त्याला कोणी काही विचारीत नाही. मंदिरात मात्र सगळे त्याच्याकडे पाहतील, हे त्याला ठाऊक असते.

तर प्रश्न असा आहे: सुटलेला मनुष्य पुन्हा पडला, तर त्याची सुटका खोटी ठरते काय? नाही, असे आमचे उत्तर आहे. परंतु ते मान्य केल्यावर मंडळीच्या शिरावर मोठी जबाबदारी येऊन पडते, आणि म्हणूनच ते पुष्कळांना नको असते.

हा प्रश्न जेथे जेथे मंडळी आहे तेथे आहे. पण गोव्याच्या उत्तरेस पेडणे व डिचोली या तालुक्यांत तो किती कठीण होतो हे पाहण्यासारखे आहे. हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले; नव्या काबिजादीत त्यांची गणना होते. येथील वस्ती बहुसंख्य हिंदू, भजन-कीर्तन मराठीत, आणि सोयरीक सीमेपलीकडे सावंतवाडी, बांदा, दोडामार्गपर्यंत. ख्रिस्ती कुटुंबे विरळ, आणि त्यांत प्रॉटेस्टंट मंडळ्या तर फारच थोड्या. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. डोंगरावर बोंडूंचा वास सुटतो, भट्ट्या पेटतात, पहिल्या खेपेस हुर्राक होतो आणि तो पुन्हा उकळला की फेणी. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. कित्येक घरांची वर्षाची मिळकत या तीन महिन्यांत होते, म्हणून आम्ही त्या कष्टकऱ्यांना दोष देत नाही. पण ज्याने नुकतीच दारू सोडली आहे, त्याला अंगणातला वारासुद्धा मोहात घालतो, ही गोष्ट खरी आहे. गोव्यात कर कमी म्हणून दारू महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते. पेडण्याच्या किनाऱ्यावर हरमल, मोरजी, मांद्रे येथे पर्यटकांबरोबर दुसऱ्या अमली पदार्थांचाही व्यापार आला. डिचोलीकडे खाणी २०१२ साली बंद झाल्या, मध्यंतरी काही काळ सुरू होऊन २०१८ साली पुन्हा बंद झाल्या, आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. रिकामे हात, कर्जाची चिंता आणि स्वस्त दारू ही तिन्ही एका ठिकाणी आली म्हणजे एकट्या मनुष्याचा निश्चय किती दिवस टिकेल? जो मनुष्य अशा ठिकाणी सहा महिने न पिता राहिला, तो शेवटी पडला एवढेच आपण पाहतो. तो सहा महिने उभा राहिला, ही देवाची केवढी करणी होती, हे आपण विसरतो.

येथे कोणी विचारील, व्यसन हे पाप आहे की रोग? हा वाद जुना आहे. १९५६ साली अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने दारूच्या व्यसनाची गणना आजारात करावी असे ठरविले, आणि आज डॉक्टर लोक तसेच मानतात. पवित्र शास्त्र मद्यप्याला जबाबदार धरते. पण नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायाच्या शेवटी त्याचे जे चित्र आहे ते पाहा. मार खाल्लेला, डोके फिरलेला तो मनुष्य जागा होताच पुन्हा तेच शोधावयास निघतो. ज्याला आपले नुकसान कळते आणि तरी थांबता येत नाही, असा हा मनुष्य आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल स्वतःविषयी जे लिहितो तेही याच जातीचे आहे: इच्छा आहे, पण करणे हाती नाही. तेव्हा पाप म्हणा की रोग म्हणा, बांधलेला मनुष्य बांधलेला आहे. पापाला क्षमा पाहिजे व रोगाला उपचार पाहिजे. आणि क्षमा मिळालेल्या मनुष्याने औषध घेऊ नये असे प्रभूने कोठेही सांगितले नाही. पौलाच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण येथे चूक झाल्यास जीव जातो. अनेक वर्षे रोज पुष्कळ पिणाऱ्या मनुष्याने एकाएकी दारू बंद केली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापणे, भास होणे, फेफरे येणे असे प्रकार होतात, आणि त्यात मृत्यूही येऊ शकतो. अशा वेळी त्याला अंगात काही शिरले आहे असे समजून खोलीत कोंडून प्रार्थना करीत बसू नये. प्रार्थना अवश्य करावी, पण त्याला घेऊन जाता जाता वाटेत करावी. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, तालुक्यात आरोग्यकेंद्रे आहेत. देव एका प्रार्थनेत एखाद्याची तहान कायमची काढून घेतो, हे आम्ही नाकारीत नाही. तशी माणसे आहेत. पण देवाने एकाला दिलेली वाट दुसऱ्यावर नियम म्हणून लादू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यसनी लोकांच्या साहाय्याची जी चळवळ आज जगभर पसरली आहे, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा प्रारंभ कसा झाला हे आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांना माहीत असेल. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील मनुष्य, आणि रॉबर्ट स्मिथ हे ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन येथील शस्त्रवैद्य. दोघेही दारूने पोखरलेले, आणि दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीशी संबंध आलेला. १९३५ च्या मे महिन्यात त्यांची गाठ पडली. विल्सनला दारू सोडून काही महिने झाले होते. परक्या गावी धंद्यात अपयश आले आणि मोह अनावर होऊ लागला, तेव्हा दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलल्याशिवाय आपण वाचणार नाही हे त्याने ओळखले, आणि चौकशी करीत तो डॉक्टरांपर्यंत पोहोचला. दोघे तासन् तास बोलले. डॉक्टरांनी दारू सोडली. सर्व आनंदित झाले. आणि थोड्याच आठवड्यांत डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेस गेले, तेथे पुन्हा प्याले, आणि बेशुद्ध होईपर्यंत प्याले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. विल्सनने त्या वेळी "याचा पालट खोटा" असे म्हणून आपला रस्ता धरला असता तर? त्याने तसे केले नाही. डॉक्टर घरी परतल्यावर विल्सन व डॉक्टरांची पत्नी यांनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली, त्यांना पुन्हा उभे केले. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. त्यानंतर १९५० साली मरण येईपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही, आणि हजारो रोग्यांना मदत केली. तोच १० जून हा दिवस त्या चळवळीचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. दोघांची पहिली भेट झाली तो दिवस त्यांनी धरला नाही. पडलेला मनुष्य पुन्हा उठला तो दिवस धरला. १९५७ साली ही चळवळ भारतात आली. ती कोणत्याही एका धर्माची नाही, आणि तीत सर्व धर्मांचे लोक येतात; पण तिच्या मुळाशी असलेले ज्ञान आपल्याच शास्त्रातील आहे. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा व एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे याकोब आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात सांगतो.

लाजराच्या गोष्टीत हेच सत्य आहे. योहानाच्या ११ व्या अध्यायात प्रभूने मेलेल्याला हाक मारली आणि तो बाहेर आला. जीवन देण्याचे काम प्रभूचे. त्यात कोणाचा हात लागला नाही. पण बाहेर आलेल्या लाजराचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, तोंड रुमालाने वेढलेले होते. ज्याने मरणाची गाठ सोडविली त्याला त्या पट्ट्या सोडविणे अवघड होते काय? तरीही ते काम त्याने भोवती उभ्या असलेल्या लोकांना सांगितले. आता समजा, त्या लोकांनी ते केले नसते. लाजर दोन पावले चालून अडखळून पडला असता, आणि लोक म्हणाले असते, "हा खरोखर जिवंत झालाच नव्हता." व्यसनातून उठलेल्या मनुष्याचे असेच होते. त्याला जीवन मिळालेले असते. पण जुने कर्ज, जुने सोबती, संध्याकाळची जुनी सवय, पत्नीचा उडालेला विश्वास, शरीराची हाव या पट्ट्या त्याच्या अंगावर तशाच असतात. त्या सोडण्याची आज्ञा मंडळीला आहे. तो अडखळला तर प्रभूचा चमत्कार खोटा ठरत नाही. आपले काम राहिले आहे एवढेच सिद्ध होते.

हे काम केवळ शिकलेल्या तज्ज्ञांनीच करावे असे नाही, याला गोव्यातच पुरावा मिळाला आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणाऱ्या या पुरुषांपैकी काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण शिक्षण देऊन तयार केलेल्या स्त्री-पुरुषांनी थोड्याच भेटींत समुपदेशन केले. तीन महिन्यांनी पाहता, केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत शेकडा २६ जण घातक पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांच्याशी असे बोलणे झाले त्यांच्यात शेकडा ३६. २०१७ साली द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि वर्षानंतरही फरक टिकून असल्याचे दिसले. अगदी खोल व्यसनात गेलेले लोक या प्रयोगात नव्हते. त्यांना डॉक्टरांचीच गरज असते. पण ज्यांचे पाऊल अजून निसटत आहे, त्यांच्याजवळ बसून नीट बोलणारा सामान्य मनुष्यसुद्धा त्यांना वाचवू शकतो. आपल्या मंडळीत असे बोलू शकणारे वडील, भगिनी, शिक्षक नाहीत काय?

आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही पाहावे. साखळीजवळ कारापूरला विठ्ठलाचे प्रसिद्ध देऊळ आहे, आणि या भागातून पंढरीची वारी करणारे लोक आहेत. ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली त्याने मद्य व मांस सोडले, असा वारकऱ्यांचा संकेत. आमची श्रद्धा वेगळी आहे. माळेने तारण होत नाही असे आम्ही मानतो. पण माळकरी मनुष्य एकटा नसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याची माळ साऱ्या गावाला दिसते, म्हणून त्याला कोणी आग्रह करीत नाही. आणि संध्याकाळी भजनात त्याची वाट पाहणारे टाळकरी असतात. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेल्या नारायण वामन टिळकांच्या मंडळीने शेजाऱ्याच्या अंगणात दिसलेली चांगली गोष्ट शिकण्यास लाजू नये. दारू सोडलेल्या ख्रिस्ती मनुष्याची वाट संध्याकाळी कोण पाहतो?

मत्तयाच्या १२ व्या अध्यायात प्रभूने झाडून सुशोभित केलेल्या रिकाम्या घराचा दाखला दिला आहे. अशुद्ध आत्मा गेला, घर स्वच्छ झाले, पण रिकामे राहिले. म्हणून तो आपल्याहून वाईट असे सात आणखी घेऊन परतला. घर अस्वच्छ होते म्हणून तो परतला असे प्रभू म्हणत नाही. ते रिकामे होते. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास दारू सोडलेल्या मनुष्याच्या दिवसातील रिकामे घर आहे. त्या वेळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसणारा एक भाऊ दहा उपदेशांहून अधिक उपयोगी पडतो.

आता एक गंभीर आक्षेप. "प्रत्येक वेळी परत घेतले तर पडण्याची भीतीच राहणार नाही, कृपा स्वस्त होईल." हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि विशेषतः ज्या पत्नीने मार खाल्ला आहे, जिचे दागिने गेले आहेत, तिच्या तोंडून तो आला तर आपण मान खाली घालून ऐकला पाहिजे. याला उत्तर असे की, क्षमा आणि भरवसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्षमा मागताच द्यावयाची असते. भरवसा हळूहळू परत येतो. पेत्र पडेल हे प्रभूला आधीच ठाऊक होते. तो वळल्यावर त्याने भावांना स्थिर करावे, हेही प्रभूने आधीच सांगून ठेवले होते (लूक २२). तरीही मेंढरे त्याच्या हाती देताना प्रभूने त्याला तीनदा विचारले (योहान २१). म्हणून परत आलेल्या भावाला त्याच दिवशी शेजारी बसवावे. पण मंडळीची वर्गणीची पेटी त्याच दिवशी त्याच्या हाती देऊ नये. त्याच्या मोहासाठी रोख पैसे देऊ नयेत, त्याच्यासाठी मालकाकडे खोटे बोलू नये. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले आहे, आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही आहे. पहिले वचन विसरणारी मंडळी कठोर होते. दुसरे विसरणारी मंडळी व्यसनाला हातभार लावते. आणि जेथे मारहाण आहे तेथे पत्नी-मुलांना आधी सुरक्षित जागी न्यावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यांच्यासाठी आहे, आणि तो वापरणे हा विश्वासाचा अभाव नव्हे.

मग मंडळीने काय करावे? फार मोठे काही नाही. नव्याने सुटलेल्या मनुष्याला लगेच गावोगावी साक्षीला फिरवू नये. कोवळ्या रोपाला कोणी सारखे उपटून मूळ दाखवीत नाही. त्याच्यासाठी दोन भाऊ ठरवून द्यावेत, ज्यांना तो मध्यरात्रीही हाक मारू शकेल. त्याच्या पत्नीसाठी दोन बहिणी ठराव्यात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात पत्नींसाठी निराळी सभा असते, कारण घरातील जखम एकट्या पिणाऱ्याची नसते. मुंबईला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः या व्यसनातून बाहेर आले होते. लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात टोस्टचा ग्लास अशा भावाच्या हाती आग्रहाने देऊ नये; शक्य तर त्या दिवशी सर्वांनीच सरबत घ्यावे. ज्याने भाऊ अडखळतो ते न करणे बरे, असे रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात आहे. प्रभुभोजनाचा प्यालाही याला अपवाद नाही. अमेरिकेतील मेथडिस्ट थॉमस वेल्च यांनी १८६९ साली द्राक्षरस न आंबता टिकविण्याची रीत काढली ती प्रभुभोजनासाठीच. प्रभूच्या मेजावर एकाही दुर्बळ भावाला भीती वाटू नये, म्हणून एका मनुष्याने केलेला हा खटाटोप होता.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. आपल्या वर्गात पिणाऱ्या बापाची मुले बसलेली असतात, आणि ती सहसा काही बोलत नाहीत. दारूवर धडा घेताना "दारुडा नरकात जातो" एवढेच सांगून थांबू नका. त्या मुलाला ते शब्द आपल्या बापाविषयी ऐकू येतात. त्यांना उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायातील नोहाची गोष्ट सांगा. बाप पिऊन उघडा पडला होता. एका मुलाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. दोघांनी वस्त्र घेतले, पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकले. शास्त्राने बापाची चूक लपविली नाही. तरी झाकणाऱ्यांना आशीर्वाद मिळाला. पण मुलांना हेही सांगा की, घरी मारहाण होत असेल, भीती वाटत असेल, तर ती गोष्ट शिक्षकांना सांगणे म्हणजे बापाला उघडे पाडणे नव्हे.

पडलेल्या भावाविषयी बातमी ऐकली की आपणही त्या तीन मुलांपैकी कोणीतरी होतो. बाहेर जाऊन सांगणे सोपे आहे. वस्त्र घेऊन जाणे कठीण आहे, कारण त्याला दोघे लागतात, आणि त्या घरात शिरावे लागते. पुढच्या रविवारी ज्याची जागा मंदिरात रिकामी दिसेल, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी दोघांनी जावे. तो सुटला होता हे खरे आहे. तो पुन्हा उठेल हेही प्रभूच्या हाती आहे. मधली वाट त्याने एकट्याने चालू नये, एवढे आपल्या हाती आहे.

प्रभू आपणां सर्वांस तशी प्रीती देवो. आमेन.